चक्कीवरच्या वकीलबाई

"आयकू येऊन नाई राह्यलं. मोठ्यानं सांग."

वकीलबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले होते, मांडीवर दोन किलो गव्हाचा डबा होता, आणि नवऱ्यानं मला मारलं हे मी पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं एका परक्या माणसाला सांगत होते. ते सांगण्याएवढं धैर्य गोळा करायला मला वर्ष लागलं होतं. आणि ही बाई कानामागं तळहात धरून म्हणत होती, मोठ्यानं सांग. बाजूला आटाचक्की धडधडत होती. दळणाच्या रांगेत चार बाया उभ्या होत्या.

"त्यानं मले मारलं," मी जरा आवाज चढवला.

"काय केलं?"

"मारलं! दोनदा मारलं! घराले कुलूप लावून मले बाहेर ठेवलं! अन् माही पोट्टी ठेवून घेतली!"

नेमकी तेव्हाच चक्की थांबली. माझं शेवटचं वाक्य रांगेतल्या चारही बायांनी ऐकलं, आणि बहुतेक समोरच्या पानठेलेवाल्यानंही. मला उठून पळावंसं वाटलं. वकीलबाई मात्र खूश दिसल्या. "हां," त्या म्हणाल्या, "आता समजलं. कोर्टातबी असंच सांगजो."

सिंदी मेघेतल्या एका बोळात त्यांच्या वडिलांनी टाकलेली ती चक्की. वकिलीची पाटी कुठंही नव्हती. भिंतीवर निळ्या रंगात फक्त 'आटाचक्की' आणि त्याखाली 'मिरची दळून मिळणार नाही' एवढं लिहिलेलं. सकाळी आठ ते दहा त्या तिथं एका लाकडी खुर्चीवर बसायच्या आणि मग पिठानं पांढरट झालेला काळा कोट झटकून, जुन्या मोपेडवर वर्ध्याच्या कोर्टात जायच्या. त्यांना घरात ऑफिससाठी वेगळी खोली होती. मी ती पाहिली आहे. पंखा, टेबल, कपाट, सगळं होतं. पण अशिलाला त्या तिथं बोलावत नसत. याचं कारण त्यांच्या वहिनीनं मला सांगितलं. "वकिलाच्या दारात बाई दिसली का पाच मिनटात घरी खबर जाते. चक्कीवर दिसली तं कोन इचारते?"

म्हणून बाया डबा घेऊन येत. कुणाच्या डब्यात गहू, कुणाच्या ज्वारी. एकीच्या डब्यात तर नुसते रद्दीचे कागद भरलेले होते, घरच्यांनी धान्याला कुलूप लावलं होतं म्हणून. वकीलबाई कुणाला नावानं हाक मारत नसत. त्याही याच कारणानं. मी 'दोन किलोवाली' होते. एकट्या बाईला दोन किलो पुरे होतं.

एका वकिलानं त्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती, की वकिलाला दुसरा धंदा करता येत नाही आणि या बाई चक्की चालवतात. त्यावर त्यांनी दिलेलं उत्तर कोर्टाच्या आवारात चहावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. "चक्की वहिनीच्या नावानं हाये. पट्टा वहिनी चढवते, दळण वहिनी घेते. मी बसते. बसाले सनद लागते का?"

हे सगळं आज सांगताना मजेचं वाटतं. तेव्हा मला मजा येत नव्हती. तेव्हा मला फक्त राग येत होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी सावंगीला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. देवळीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, घरातली पहिली नोकरी करणारी. नवऱ्याचं वर्ध्यात हार्डवेअरचं दुकान. लग्नाच्या वेळी नोकरीवाली सून त्यांना हवी होती. मूल झाल्यावर तीच नोकरी नकोशी झाली. ड्युटी बदलली की प्रश्न, यायला उशीर झाला की प्रश्न, मोबाईल हातातून ओढून घेणं, कोणाचा फोन होता, कोणी सोडलं. एका दुपारी मी ड्युटीवरून आले तर दाराला कुलूप. माझी कपड्यांची पिशवी पायरीवर. आत माझी मुलगी रडत होती, मला तिचा आवाज येत होता. चार वर्षं चार महिन्यांची पोर. मी दार वाजवत राहिले. शेजारच्या बायकांनी खिडक्या लावून घेतल्या.

पोलीस ठाण्यात गेले तर तिथला माणूस म्हणाला, "बापाजवळच आहे ना? मग हरवली कुठं?" मामी म्हणाली, नोकरीच नडली तुझी. सिंदी मेघेत खोली घेतली तर घरमालकिणीनं आधी विचारलं, मिस्टर कुठं असतात. आणि यातली सगळ्यात असह्य गोष्ट ही, की माझी मुलगी काही परदेशात नव्हती. माझ्या खोलीपासून ऑटोनं दहा मिनिटांवर होती. रोज सकाळी ड्युटीला जाताना मी तिच्यापासून दहा मिनिटांवर असायची आणि ती मला दिसत नव्हती. व्हिडिओ कॉल लावला की कट. पुढं तर नंबरच ब्लॉक.

माझ्या भावानं त्याच्या ओळखीचा एक वकील गाठला होता. दीड महिना त्यानं 'करू, करू' केलं आणि एक अर्ज लिहून दिला. तो अर्जही कोर्टात गेला नाही. शेवटी लॅबमधल्या एका सहकारी बाईनं सांगितलं, कोर्टाच्या आवारात मोफत वकील देणारं ऑफिस असतं, तिथं जा. मी म्हटलं, मला पगार आहे, मला कोण मोफत देणार? पण गेले. तिथं एक फॉर्म भरला आणि वकीलबाईंचं नाव मिळालं.

हीच शंका मी चक्कीवर काढली, तेव्हा वकीलबाई माझ्यावर उखडल्या. "पगार असू दे नाई तं वावर असू दे. बाईले अन् लेकराले वकील फुकट भेटतो. हे मेहेरबानी नाई, कायदा हाये. तुले एवढी शिकून मालूम नाई अन् अंगूठेवाल्या बाईले कोण सांगन?" पुढं एकदा मी त्यांच्यासाठी बाजारातून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणि वांगी नेली तर पिशवी न उघडता परत केली. "मले हे चालत नाई. घरी भाजी कर." त्यांना कोणाचं काही चालत नसे. खिशात फुटाणे असत, कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या तेच खात.

त्यांच्याजवळ गोड बोलणं नव्हतं. मला रडू आलं की त्या घड्याळाकडं बघायच्या. "रडून घे. मंग सांग." सांगतानाही सुख नव्हतं. मी म्हणाले, त्यांनी माझा फार छळ केला. त्या म्हणाल्या, "फार म्हंजे किती? छळ हा शब्द मी लिहीन, ते माहं काम हाये. तू दिवस सांग. सोमवार का मंगळवार? हातानं मारलं का चपलेनं? पोट्टी कुठं उभी होती?" मला ते आठवायचं नव्हतं, आणि ही बाई मला प्रत्येक दिवशी परत नेऊन उभी करत होती. 'नशीब' हा शब्द उच्चारला तर त्या लिहिणं थांबवायच्या. 'अ‍ॅडजस्ट' म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीला त्यांनी पिठासकट बाहेर काढलेलं मी पाहिलं आहे.

तिसऱ्या की चौथ्या वेळी माझा भाऊ सोबत आला. आल्या आल्या त्यानं वकीलबाईंसमोर स्टूल ओढलं आणि बोलायला सुरुवात केली. आमचं म्हणणं असं आहे, आम्हाला असं वाटते. वकीलबाईंनी त्याला मध्येच विचारलं, "अर्जदार कोण?"

"ही. माही बहीण."

"तिले तोंड हाये का?"

"हाये ना."

"मंग तुमी तिकडं बसा."

भाऊ कसाबसा गोणीवर जाऊन बसला. वकीलबाईंनी त्याच्या ओळखीच्या वकिलानं लिहिलेला तो जुना अर्ज हातात घेतला. वाचत वाचत एका परिच्छेदावर त्यांचं बोट थांबलं. सासऱ्यानं माझ्या अंगावर हात टाकला, असं तिथं लिहिलं होतं.

"हे खरं हाये?"

मी भावाकडं पाहिलं. ते खरं नव्हतं. ते भावाच्या वकिलानं घातलं होतं. अशानं केस घट्ट होते, पार्टी घाबरते, पोरगी आठ दिवसांत आणून देते, असं तो म्हणाला होता. मी वाचलं होतं आणि सही केली होती.

"त्याच्याकडं नको पाहू. खरं हाये का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग सासरा काय करत होता?"

"काही नाही. मला मारलं तेव्हा सोफ्यावर पेपर वाचत बसला होता. पेपर खालीसुद्धा केला नाही त्यानं."

"हे काऊन नाई लिहिलं?"

"गप्प बसणं काय गुन्हा आहे?"

"गुन्हा नाई. पण खरं हाये." त्यांनी पेनानं तो परिच्छेद आडवा कापून टाकला, इतका जोर देऊन की कागद फाटला.

भाऊ उठून आला. "मॅडम, त्याईनं पोरगी पळवली. तुमी त्याईचीच बाजू घेऊन राह्यल्या. आपण सरळपणा करून काय भेटन?"

आणि मीही भडकले. माझ्या आयुष्यात मी कोणावर एवढी ओरडले नव्हते. चक्की बंद होती तरी ओरडले. म्हणाले, तुम्हाला काय जातं? तुमची पोर नाही ना तिथं. दोन महिने झाले मी तिचा चेहरा पाहिला नाही. त्या माणसांनी खोटं केलं ते चालतं आणि मी एक ओळ खोटी लिहिली तर तुम्हाला धर्म आठवतो का?

वकीलबाई शांतपणे ऐकत होत्या. ऐकू सगळं आलं असावं. मग म्हणाल्या, "तुहा राग खरा हाये. त्याच्यात पाणी काऊन टाकून राह्यली? उद्या त्याईच्या वकिलानं तुले ही एक ओळ खोटी पाडून दाखोली, तं बाकीच्या खऱ्या पन्नास ओळीबी त्याच्यासोबत जातीन. मी अशी केस नाई चालवत. दुसरा वकील पाह्यजे असंन तं ऑफिसात अर्ज कर, बदलून देतात."

भाऊ तणतणत निघून गेला. आता तूच लढ, म्हणाला. मी तिथंच बसून राहिले. जायला मला दुसरीकडं जागा नव्हती, एवढंच कारण होतं. त्यांचं पटलं वगैरे काही नव्हतं. घरी येताना मी त्या बाईला मनातल्या मनात शिव्या देत होते.

अर्ज नव्यानं लिहिला. घरगुती हिंसाचाराचा कायदा, आणि त्यातच मुलीचा तात्पुरता ताबा मागितलेला. दाखल केला त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी मला पुढचं सगळं समजावलं.

"आयक. पाच वर्षांखालचं लेकरू सहसा आईजवळच ठेवा, असं कायदा म्हंते. तुही पोट्टी आता साडेचारची होऊन राह्यली. हे त्याईच्या वकिलाले माझ्याएवढंच मालूम हाये. मंग तो काय करन?"

"काय?"

"काहीच नाई करन. तारखा घेईन. पोट्टी पाचची होऊ देईन. मंग म्हणन, आता ती इथं रमली, इथंच शाळेत जाते, हलवू नका."

तसंच झालं. नोटीस परत आली, 'इसम गावी नाही'. दुसरी परत आली, तीच ओळ. त्यांच्या वकिलानं कोर्टात उभं राहून सांगितलं की पक्षकार मालाच्या खरेदीसाठी सुरतेला गेले आहेत, कधी येतील सांगता येत नाही. मी मागच्या बाकावर बसले होते. दोनच दिवसांपूर्वी मी त्याला बजाजवाडीकडं स्कूटरवर पाहिलं होतं. पुढं माझी मुलगी उभी होती, हँडल धरून. मी हाक मारेपर्यंत स्कूटर वळली. हे मी वकीलबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तू पाह्यलं त्याले पुरावा नाई म्हणत. थांब."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑटोत आम्ही तिघी. मी, वकीलबाई आणि त्यांची वहिनी. नवऱ्याच्या दुकानाच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो उभा केला. वकीलबाई मला म्हणाल्या, डोक्यावर ओढणी घे. वहिनीला म्हणाल्या, "मी वकील हाओ, मले साक्षीदार नाई होता येत. तू जा. बिजागऱ्या घे. पक्कं बिल माग. तारीख अन् सही पाह्यजे. अन् सही तोच करन असं पाह्य, नोकर नाई."

वहिनी गेली ती गेलीच. वीस मिनिटं झाली. वकीलबाई फुटाणे खात होत्या आणि मी ऑटोची दांडी धरून दुकानाकडं पाहत होते. दुकानात तो बसला होता, मला त्याचा निळा शर्ट दिसत होता. मला उतरून जायचं होतं, गल्ल्यावरून त्याला ओढून विचारायचं होतं की तिला झोपताना कोण थोपटतं. वकीलबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. धीर द्यायला नव्हे. पकडून ठेवायला.

वहिनी परतली ती दोन बिजागऱ्या, सहा स्क्रू आणि बिल घेऊन.

"एवढा वेळ काय करत होती?"

"जास्त सांगत होता. भाव करून घेतला."

"भाव कराले गेलती का तू?"

"फुकट पैसे देऊ का मंग त्याले?" वहिनी म्हणाली. बिलावर त्या दिवसाची तारीख होती आणि खाली माझ्या नवऱ्याची लफ्फेदार सही, जी मी लग्नाच्या सर्टिफिकेटावर पाहिली होती.

पुढच्या तारखेला त्यांच्या वकिलानं परत सुरतेचंच सांगितलं. त्याचं बोलणं संपू दिलं, आणि मग वकीलबाईंनी वहिनीचं शपथपत्र आणि ते बिल पुढं ठेवलं. समोरचा वकील म्हणाला, ही सही आमच्या पक्षकाराची नाही. वकीलबाई म्हणाल्या, "मग पक्षकार सुरतेत असताना त्यांच्या दुकानात त्यांच्या नावानं दुसरंच कोणी सह्या करतं, तेवढं लिहून द्या. ते आम्ही जीएसटीच्या ऑफिसला कळवू." कोर्टात हसू फुटलं. मॅजिस्ट्रेट साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढची तारीख आठ दिवसांची दिली आणि सांगितलं, पक्षकार त्या दिवशी हजर पाहिजे.

बाहेर आल्यावर मीही हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. वकीलबाई थांबल्या आणि माझ्याकडं असं पाहिलं की माझं हसू तिथंच जिरलं. "हसतं कायले? बिजागरीनं पोट्टी घरी नाई आली."

पोरगी आली त्यानंतर सव्वा महिन्यानं. तात्पुरता ताबा आईकडे, बापाला रविवारी भेट, असा आदेश झाला. कोर्टात आणून द्यायचं होतं. नवरा आलाच नाही. सासरा आला, मुलीचं बोट धरून. तिचे केस कापलेले होते. मी गुडघ्यावर बसले, हात पसरले, आणि ती सासऱ्याच्या धोतराआड गेली.

सासऱ्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. कपड्यांची पिशवी पुढं केली आणि खाली बघत म्हणाला, "दूध आता गरम घेत नाई ती. कोमट देत जा."

माझ्या मुलीबद्दल हा माणूस मला सांगत होता. माझ्या! त्या क्षणी फाटलेल्या कागदावरचा तो परिच्छेद आठवला आणि वाटलं, लिहायला हवा होता. दहा वेळा लिहायला हवा होता. मी आज हे कबूल करते, कारण मी काही त्यातून थोर होऊन बाहेर पडले नाही.

सासरा गेला. मुलगी व्हरांड्यातल्या खांबाला चिकटून उभी. मी जवळ गेले तर म्हणाली, "तू मले टाकून गेलतीस. आजी म्हणते. तू आलीच नाई."

काय सांगणार होते मी पाच वर्षांच्याही न झालेल्या पोरीला? तुझ्या बापानं कुलूप लावलं म्हणून? ते मला सांगायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं. वकीलबाईंनी माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलं आणि त्या स्वतः, काळ्या कोटासकट, पायरीवर बसकण मारून बसल्या. लेकरांशी कसं बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मोठ्या माणसाशी बोलावं तशा त्या तिच्याशी बोलल्या.

"इकडं ये. हे पाह्य. हे तुह्या आईचं पुस्तक हाये." त्यांनी केसची फाईल उघडली. तारखांचा कागद काढला. "ह्या दिवशी तुही आई तुले न्यायले इथं आली. हे तिची सही. ह्या दिवशी परत आली. हे सही. ह्या दिवशी आली. सही. ह्या दिवशी साहेब सुट्टीवर होते, तरी आली."

बापाबद्दल, आजीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त तारखा वाचल्या, एकेक, बोट ठेवून, कोर्टात वाचतात तशा खणखणीत. अकरा तारखा होत्या. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. पाचव्या-सहाव्या तारखेला मुलगी खांब सोडून जवळ आली. नवव्या तारखेला तिनंच सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही पण आई?"

"ही पण आई."

वाचून झाल्यावर त्यांनी फाईल मिटली, गुडघ्याला हात टेकून उठल्या आणि माझ्यावर खेकसल्या, "पाहत काय राह्यली? जेवली नसंन ते. घरी ने."

आता वकीलबाईंनी कोर्टात जाणं सोडलं आहे. कान पुरते गेले. समोरचा वकील काय म्हणतो ते ऐकू येईना, तेव्हा म्हणाल्या, न ऐकता भांडणं हे अशिलाशी बेइमानी आहे. चक्कीवर अजून बसतात. मी जाते. मुलगी आता दुसरीत आहे. दर रविवारी बापाकडं जाते, संध्याकाळी येते, आणि त्या दिवशी मी घरात कशालाही हात लावू शकत नाही. अंतिम निकाल आमच्या बाजूनं लागला. घटस्फोटही झाला. लोक म्हणतात, झालं ना सगळं नीट, आता विसर.

मला हे विसर म्हणणारे लोक आवडत नाहीत. त्यांच्यासाठी मला शेवटच्या युक्तिवादाचा दिवस सांगायचा आहे.

तो दिवस पोरगी परत आल्यावर वर्षभरानं उगवला. समोरच्या वकिलानं फार समजूतदारपणे मांडणी केली. म्हणाला, मुलगी अर्जदाराकडे सुखरूप आहे. वडिलांनी आदेश पाळला आहे. मधले काही महिने मुलगी आजी-आजोबांच्या मायेतच होती. अर्जदाराचं कोणतंही नुकसान झालेलं नाही. तेव्हा जुन्या गोष्टी उगाळण्यात काय अर्थ आहे?

कोणतंही नुकसान झालेलं नाही. मी मागच्या बाकावर बसून ते ऐकलं.

त्या आधीच्या आठवड्यात बोलता बोलता मी वकीलबाईंना एक गोष्ट सांगितली होती. पोरगी घरी आली त्या दिवशी मी तिच्यासाठी जपून ठेवलेले लाल सँडल काढले. कुलूप लागण्याच्या आठवडाभर आधी घेतले होते, माझ्या ड्युटीच्या पिशवीत राहिले म्हणून वाचले. तिच्या पायात घालायला गेले तर टाच बाहेर. मी जोर लावला. ती 'आई, दुखते' म्हणाली, तेव्हा थांबले. मी हे सांगितलं तेव्हा वकीलबाई काहीच बोलल्या नव्हत्या. बहुधा ऐकू आलं नाही, असं मला वाटलं होतं.

त्या उठल्या. कागद हातात घेतला नाही.

"साहेब, माझे विद्वान मित्र म्हणतात नुकसान नाही. मुलगी आईपासून नेली तेव्हा तिच्या पायाचं माप नऊ होतं. परत दिली तेव्हा दहा. हा जो एक नंबर वाढला, तो आईनं पाहिलेला नाही. तो तिला कोण आणून देणार आहे?"

समोरचा वकील हसला. "साहेब, चपलेचं माप अर्जात कुठंही नाही."

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच मोठा असे. त्या दिवशी तो बाहेर व्हरांड्यात बसलेल्या बायांपर्यंत गेला. "मीच लिहिला अर्ज. आठवडाभर त्यात शोधलं. मारलं ते कुठं लिहायचं ते छापलेलं आहे. हाकललं ते कुठं लिहायचं ते आहे. हे कोणत्या रकान्यात लिहायचं असतं, ते माझ्या मित्रांनी मला दाखवावं. मी आत्ता लिहिते."

त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. समोरचा वकील कागद चाळायला लागला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा मुद्दा समजला. बसा."

पण त्या बसल्या नाहीत. पेन हातात धरून, समोरच्या वकिलाकडं बघत, उत्तराची वाट पाहत उभ्याच राहिल्या.